शस्त्रक्रियेच्या कागदावर स्वादुपिंडाचीही नोंद हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेविषयी वृत्तपत्रांच्या आरोग्यपानांवर अधूनमधून मजकूर येतो, आणि त्यासोबत शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे छायाचित्र शेजारी शेजारी छापलेले असते. त्या दोन छायाचित्रांमधल्या काळात शरीराच्या आत काय घडते, विशेषतः जठराच्या मागे आडव्या पसरलेल्या स्वादुपिंडाचे काय होते, याबद्दल सर्वसामान्य वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी २८ वर्षे जीवशास्त्र शिकवले. शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वजनाची, वीतभरही लांब नसलेली ही ग्रंथी मी फळ्यावर शेकडो वेळा काढली असेल. तरीही गेल्या वर्षी सख्ख्या धाकट्या भावाला तिच्या दुखण्याने गाठले, तेव्हा ते दुखणे ओळखायला मला दीड दिवस लागला. तसा वेळ दुसऱ्या कोणाच्या घरी जाऊ नये, म्हणून हा पत्रप्रपंच.

आरंभीच स्पष्ट करते की मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. भावाचे वय ५२, उंची साडेपाच फूट आणि वजन १२४ किलो होते. नऊ वर्षांपासून मधुमेह होता, दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागे आणि रात्री श्वास अडकत असल्यामुळे तोंडावर यंत्राचा मास्क लावून झोपावे लागे. अंबाझरीच्या फेऱ्या, ज्वारीची भाकरी, गोड बंद, दोन आहारतज्ज्ञांचे सल्ले, हे सगळे त्याने मनापासून केले होते. दर वेळी दहाबारा किलो उतरत आणि वर्षभरात परत चढत. अखेर त्याचा मुलगा ज्या महानगरात नोकरीला आहे, तेथील रुग्णालयात ऑक्टोबर महिन्यात त्याची गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठराची लहान पिशवी ठेवून तिला आतड्याचा पुढचा भाग जोडण्याची शस्त्रक्रिया झाली. पहिल्या काही आठवड्यांतच इन्सुलिन बंद झाले. मे महिना उजाडेपर्यंत वजन ८८ किलोवर आले होते आणि श्वासाचे यंत्र कपाटात गेले होते. हा लाभ खरा आहे आणि तो त्याला आजही मिळतो आहे.

या लाभाचे मूळही बऱ्याच अंशी स्वादुपिंडातच आहे, हे सांगितले पाहिजे. ही ग्रंथी दोन कामे करते. अन्न पचवणारी विकरे असलेला सुमारे दीड लिटर रस ती रोज आतड्यात सोडते, आणि तिच्यातील पेशींची लहान लहान बेटे इन्सुलिन थेट रक्तात सोडतात. पॉल लँगरहान्स या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याने १८६९ साली ही बेटे पहिल्यांदा वर्णन केली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जातात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्रा. रॉय टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात यकृताबरोबर स्वादुपिंडातही चरबी साठते, आणि वजन उतरल्यावर स्वादुपिंडातील एक ग्रॅमहूनही कमी चरबी निघून गेली तरी इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागू शकतात. एका ग्रॅमच्या आत! वर्गात असताना मला हे ठाऊक असते, तर मी धडा निराळ्या रीतीने शिकवला असता. शिवाय बायपासनंतर अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचते, त्यामुळे आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक अधिक स्रवते आणि ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याचा इशारा देते. म्हणूनच वजनाचा काटा पुरता खाली येण्याआधीच साखर उतरू लागते.

मात्र हे सर्वांना सारखे लाभत नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासाचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी सहाच्या आत ठेवण्यात बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के आणि स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांपैकी २३ टक्के रुग्णांना यश आले होते, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्क्यांनाच. फरक मोठा आहे, पण 'मधुमेह कायमचा गेला' असे सरसकट सांगण्याजोगा तो नाही. मधुमेह जितका जुना आणि स्वादुपिंडाच्या पेशी जितक्या थकलेल्या, तितकी आशा कमी. ही शिल्लक ताकद किती आहे याचा अंदाज सी-पेप्टाइड नावाच्या रक्ततपासणीने येतो. ज्याच्या घरी शस्त्रक्रियेचा विचार चालू आहे, त्याने या तपासणीबद्दल डॉक्टरांना आधीच अवश्य विचारावे.

आता मे महिन्यातल्या त्या रात्रीकडे येते. नागपूरचा मे म्हणजे काय, हे येथील वाचकांना सांगायला नको. भाऊ दुपारी एका लग्नाच्या पंगतीला जाऊन आला होता. त्याचा घास आता वाटीभर वरण-भाताचा, तेवढाच त्याने खाल्ला होता. संध्याकाळी मळमळ सुरू झाली, मग दोन उलट्या झाल्या. घरात सर्वांचे एकमत झाले की ऊन लागले. कैरीचे पन्हे झाले, तळपायाला कांदा चोळून झाला. रात्री अकराच्या सुमारास भावजयीचा फोन आला म्हणून मी मानेवाड्याला त्याच्या घरी गेले, तर तो कूलरसमोर पलंगावर पुढे वाकून बसला होता. पोटाशी उशी दोन्ही हातांनी घट्ट आवळलेली होती आणि समोरून कूलरचा वारा येत असतानाही सदरा घामाने पाठीला चिकटला होता. आडवा हो म्हटले की तो मान हलवून नकार देई. "ताई, पाठीतून आरपार जातंय," एवढेच तो दोनतीनदा म्हणाला. बेंबीच्या वर, पोटाच्या मधोमध सुरू होऊन पाठीत घुसणारी, आडवे झाल्यावर वाढणारी आणि पुढे वाकल्यावर किंचित सुसह्य होणारी वेदना हे स्वादुपिंडाला सूज आल्याचे पुस्तकात दिलेले लक्षण आहे. ते माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी त्याला म्हणाले, "पित्त झालंय, सकाळपर्यंत उतरेल."

संपादक महोदय, या पत्राचे कारण हा 'पित्त' शब्दच आहे. आपल्या बोलण्यात पित्त म्हणजे आंबट ढेकर, छातीत जळजळ, डोके दुखणे आणि उलटी झाली की मोकळे वाटणे. खरे पाहता त्यातील बहुतेक त्रास जठरातील आम्लाचा असतो. यकृतात तयार होणारे, पित्ताशयात साठणारे आणि चरबी पचवण्यासाठी आतड्यात उतरणारे पित्त ही निराळी गोष्ट आहे. पिढ्यानपिढ्या आपण दोन्हींना एकच नाव दिले आहे. एरवी त्याने फारसे बिघडत नाही. पण ज्याचे वजन काही महिन्यांत झपाट्याने उतरले आहे, त्याच्या बाबतीत हा घोटाळा महागात पडतो, आणि आमच्या घरी तो एकदा नव्हे, दोनदा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या डॉक्टरांनी आम्ल कमी करणारे इंजेक्शन दिले. त्यांना मी दोष देत नाही, कारण सात महिन्यांपूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली हे त्यांना आम्हीच सांगितले नव्हते. टाके कधीच भरून आले होते आणि पोटदुखीचा त्याच्याशी संबंध असेल असे कोणाच्या मनातही आले नाही. संध्याकाळी उलट्या थांबेनात, तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेले. तेथे तातडीने रक्त तपासले. लायपेज या विकराचे प्रमाण सामान्य मर्यादेच्या तीनपट झाले की डॉक्टर स्वादुपिंडदाहाचा, म्हणजे पॅन्क्रियाटायटिसचा विचार करतात. भावाचे प्रमाण दहापटींहून अधिक होते. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक बारीक खडे दिसले. शस्त्रक्रियेआधीच्या सोनोग्राफीत एकही खडा नव्हता, म्हणजे हे सगळे खडे सात महिन्यांत तयार झालेले होते.

असे का होते, हे मला त्यानंतर वाचून नीट समजले. वजन वेगाने उतरते तेव्हा शरीरातील चरबी विरघळून तिच्यातील कोलेस्टेरॉल यकृतावाटे पित्तात उतरते आणि पित्त दाट होते. त्याच काळात आहार अगदी थोडा आणि कमी चरबीचा असल्यामुळे पित्ताशयाला आकुंचन पावून रिकामे होण्याचे कारणच उरत नाही. दाट पित्त साचून राहते आणि त्याचे खडे बनतात. पित्ताशयातील मोठ्या खड्यापेक्षा बारीक खडाच अनेकदा जास्त घातक ठरतो, कारण तो नळीत घसरतो. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात उघडण्याआधी एकत्र येतात. त्या तोंडाशी खडा अडकला की स्वादुपिंडाचा रस कोंडतो आणि अन्न पचवण्यासाठी असलेली विकरे त्या ग्रंथीलाच आतून पोळू लागतात. बहुतेक रुग्ण सलाईन, वेदनाशामक औषधे आणि देखरेखीवर काही दिवसांत बरे होतात. परंतु साधारण पाचांपैकी एकाचा आजार गंभीर वळण घेतो, आणि रुग्ण स्थूल असेल तर तो धोका वाढतो. भावाच्या बाबतीत खडा आपोआप पुढे सरकला. सूज उतरल्यावर त्याच मुक्कामात दुर्बिणीने पित्ताशय काढले आणि अकराव्या दिवशी तो घरी आला.

रुग्णालयात असताना भावजयीने औषधांची जुनी पिशवी उघडली, तेव्हा दुसरा घोटाळा उघड झाला. तिच्यात अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली. हे खडे होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रियेनंतर सहसा सहा महिने देण्याचे हेच औषध. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपास झालेल्या रुग्णांना सहा महिने हे औषध देऊन पाहिले होते. नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के रुग्णांना खडे झाले, तर रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी केवळ २ टक्क्यांना. भावाला ते सुट्टीच्या कागदावर रीतसर लिहून दिलेले होते. पण औषधे समजावून सांगताना तेथील कर्मचाऱ्याने भावजयीला म्हटले होते, "ही पित्ताची गोळी." डिसेंबरात दोघांनी विचार केला की जळजळ नाही, आंबट ढेकर नाही, मग रोज मूठभर गोळ्यांत ही आणखी एक कशाला? गोळी बंद झाली. कर्मचाऱ्याचे शब्द एका अर्थी बरोबरच होते, आणि भावजयीने त्यांचा घेतलेला अर्थही कोणत्याही मराठी घरात घेतला जाईल तोच होता. "पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने, त्रास नसला तरी" एवढे दहा शब्द कोणी लिहून दिले असते, तर ती पट्टी संपली असती आणि पुढच्याही आणल्या गेल्या असत्या. तरीही खडे झालेच नसते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण खडे टाळण्याचा एक चांगला उपाय आमच्याच हातून सुटला.

तिसरी गोष्ट रुग्णालयातल्या पहिल्या तासाची आहे, आणि ती मला सर्वांत अधिक टोचते. ड्युटीवरील डॉक्टरांनी विचारले, "बायपास की स्लीव्ह? बायपास असेल तर कोणता?" आम्हा चौघांपैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. "पोट लहान केलंय," असे भावजय म्हणाली. फाईल भाच्याकडे दुसऱ्या शहरात होती. तो रात्रपाळीत असल्यामुळे त्याने फोन उचलायला पहाट झाली. हा प्रश्न केवळ औपचारिक नव्हता. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरलेले जठर केळ्याच्या आकाराच्या नळीसारखे राहते, पण अन्नाची वाट तीच असते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला दोनएक मोठे चमचे मावतील एवढी लहान पिशवी ठेवून तिला लहान आतड्याचा पुढचा भाग जोडतात. उरलेले जठर आणि पित्त व स्वादुपिंडाचा रस जेथे उतरतो तो आतड्याचा पहिला भाग शरीरातच राहतो, मात्र अन्नाच्या वाटेवरून बाजूला पडतो. खडा नळीत अडकून बसला तर एरवी तोंडावाटे दुर्बीण आत घालून तो काढता येतो. त्या प्रक्रियेला ईआरसीपी म्हणतात. बायपास झालेल्या माणसात नेहमीच्या वाटेने ती दुर्बीण पित्तनळीच्या तोंडापर्यंत पोहोचवणे अवघड होऊन बसते. मग पोटावर छेद घेऊन बाजूला पडलेल्या जठरातून ती घालावी लागते किंवा विशेष लांब दुर्बीण वापरावी लागते, आणि ही सोय प्रत्येक ठिकाणी नसते. म्हणजे रुग्णाला कोठे हलवायचे, हा निर्णयसुद्धा आम्हाला न देता आलेल्या त्या एका उत्तरावर अवलंबून होता.

धंतोली, रामदासपेठ भागातील रुग्णालयांत उपचारासाठी चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोलीच नव्हे, तर पलीकडच्या बालाघाट, छिंदवाड्याहूनही माणसे येतात आणि उपचार आटोपून आपापल्या गावी परततात. सहा महिन्यांनी पोटात दुखू लागले तर त्यांचा पहिला डॉक्टर गावातलाच असणार. आम्ही शहरात राहून चाचपडलो, तर त्यांचे काय होत असेल, या विचाराने मी अस्वस्थ होते.

स्वादुपिंडाशी निगडित आणखी काही लक्षणे शस्त्रक्रिया झालेल्यांनी ओळखायला हवीत. बायपासनंतर अन्न एका वाटेने आणि स्वादुपिंडाचा रस दुसऱ्या वाटेने येऊन दोन्ही पुढे एकत्र होतात, त्यामुळे काहींच्या बाबतीत विकरे अन्नात वेळेवर मिसळत नाहीत. मग शौच फिकट, तेलकट, फार दुर्गंधीचे आणि पाण्यावर तरंगणारे होते. लोक लाजेने ते बोलत नाहीत आणि वजन अजून उतरते आहे याचाच आनंद मानतात. प्रत्यक्षात चरबीबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाया जात असतात. शौचाच्या तपासणीतून स्वादुपिंड किती विकरे तयार करते याचा अंदाज येतो आणि जेवणासोबत घ्यायच्या विकरांच्या कॅप्सूल मिळतात. काहींना, बहुधा वर्ष उलटल्यानंतर, गोड किंवा पिठूळ खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी दरदरून घाम येतो, हात थरथरतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. जेवणानंतर स्वादुपिंडाने गरजेपेक्षा अधिक इन्सुलिन सोडल्यामुळे साखर एकदम खाली आलेली असते. याला 'अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नये. मद्याविषयी तर स्पष्टच लिहिते. पित्ताचे खडे आणि मद्य ही स्वादुपिंडाला सूज येण्याची दोन सर्वांत मोठी कारणे आहेत, आणि बायपासनंतर तेवढेच मद्य रक्तात पूर्वीपेक्षा लवकर चढते. "आता वजन कमी झालंय, थोडी चालते," असे समारंभात आग्रह करणाऱ्या स्नेह्यांनी हे लक्षात ठेवावे.

वजन घटवण्याची आठवड्याची इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडेही बाजारात आली आहेत. त्यांच्या माहितीपत्रकात स्वादुपिंडदाह आणि पित्ताशयाचे विकार या दोन्हींबद्दल इशारा आहे. शस्त्रक्रिया न करताही ज्यांचे वजन या औषधांनी भराभर उतरते आहे, त्यांनीही पोटाच्या वरच्या भागातील तीव्र दुखणे अंगावर काढू नये.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने रुग्णाला घरी पाठवताना, पाकिटात मावेल असे एक मराठी कार्ड द्यावे. त्यावर शस्त्रक्रियेचे नेमके नाव आणि तारीख असावी, पित्ताशय जागेवर आहे की काढले आहे ते असावे, आणि शक्य असल्यास आतड्याची जोडणी दाखवणारी एक साधी आकृती असावी. खडे होऊ नयेत म्हणून दिलेली गोळी कशासाठी व किती महिने घ्यायची, हे 'पित्ताची गोळी' हा शब्दप्रयोग टाळून लिहावे. आणि वस्तीतल्या किंवा गावातल्या डॉक्टरांसाठी एक ओळ असावी: पाठीकडे जाणारी पोटदुखी व उलट्या असल्यास लायपेज आणि सोनोग्राफी लगेच करावी, आतड्याला पीळ पडण्याचाही विचार व्हावा. ही शेवटची सूचना भावावर उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकांनी सुचवली, कारण बायपासनंतर तोही धोका असतो आणि त्यात वेळ दवडून चालत नाही. आहारतज्ज्ञांचा रंगीत तक्ता आम्हाला मिळाला होता, तो अजून भावाच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. त्याच्याच आकाराच्या आणखी एका कागदाचा हा प्रश्न आहे.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की, शहरातील शल्यचिकित्सक आणि पचनसंस्थेचे तज्ज्ञ यांच्याकडून या विषयावर सविस्तर लेख लिहून घ्यावा, आणि त्यात 'पित्त' या शब्दाचे दोन अर्थ वाचकांना उलगडून सांगावेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांनी असे कार्ड तयार करण्यास मार्गदर्शन केले, तर त्याचा मराठी मजकूर सोपा आणि अचूक करून देण्याचे काम मी आनंदाने व विनामूल्य करीन. तूर्त मी भावासाठी असे एक कार्ड हाताने लिहिले आहे. त्यावरची आकृती मीच काढली आणि त्याच्या डॉक्टरांकडून तपासून घेतली. त्याची एक प्रत वस्तीतल्या डॉक्टरांनीही मागून घेतली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
नागपूर